अंगावरून वारं गेल्यावर

२६ जानेवारी, रविवार

शशिकांतला घरी आणलं. गाडीपासून लिफ्टपर्यंत स्वतः चालला. उजवा पाय फरशीवर घासत, पण चालला. सोफ्यावर बसल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "किल्ली." मी किल्ली दिली. त्यानं मान हलवली. पुन्हा "किल्ली." पाण्याचा ग्लास दाखवला तेव्हा डोळे मिटून हो म्हणाला.

संक्रांतीच्या सकाळी ड्यूटीची बस यायच्या आधी बूट घालत होता. नाडी बांधता बांधता हात थांबला. मला वाटलं कंबर धरली. वर बघितलं तर तोंड एका बाजूला ओघळलेलं.

हॉस्पिटलनं करायचं ते वेळेत केलं. हृदयाचे ठोके अनियमित पडत होते, तिथे गुठळी झाली, ती मेंदूत डाव्या बाजूला जाऊन अडकली. म्हणून उजवा हात, उजवा पाय — आणि बोलणं. आता रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची. मी इथे आखातात, फहाहीलच्या एका पॉलिक्लिनिकच्या लॅबमध्ये रोज दुसऱ्यांचं रक्त तपासते. यापुढे त्याचंही. रक्त गोठण्याचा आकडा दोन आणि तीनच्या मध्ये राहायला हवा. खाली गेला तर पुन्हा गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. डोळा लागता लागता हाच आकडा समोर येतो.

३० जानेवारी, गुरुवार

साकिब येऊन गेला. शशिकांतबरोबर प्लँटच्या कंट्रोल रूममध्ये बसतो, मूळचा लखनौचा. तो बोलत राहिला, शशिकांत ऐकत राहिला. सगळं कळतं त्याला. फक्त तोंडातून भलताच शब्द बाहेर पडतो, आणि तो भलता आहे हे कधी कळतं, कधी कळत नाही.

जाताना दाराशी साकिबनं हळू आवाजात सांगितलं — ईदनंतर कंपनीचं मेडिकल बोर्ड बसेल. फिट म्हणाले तर परत ड्यूटीवर. नाहीतर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द. मग हे घर, माझी नोकरी, सगळंच. आमच्या मुलीचं, जुईलीचं, पुण्यातलं शिक्षण अजून एक वर्ष राहिलंय.

आणखी एक म्हणाला. त्याच्या मामांना असाच झटका आला होता. मिरकाबमध्ये एक चिनी डॉक्टर बाई सुया लावतात, मामांचा हात त्यानंतर हलायला लागला. मी बघू म्हटलं. बघणार वगैरे काही नव्हते.

३१ जानेवारी, शुक्रवार

जुईलीला सहज म्हणून सांगितलं. "आई, प्लीज. इट्स प्लॅसिबो. स्पीच थेरपी करा." अगं, करतोच आहोत. आठवड्यात एकदा तारीख मिळते. उरलेले दिवस मी काय करू — हे तिला विचारलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

गेलो. मिरकाबमधल्या एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. खाली सोनाराची दुकानं, वर हा दवाखाना. काउंटरवरच्या मुलीनं शशिकांतचं आडनाव वाचलं आणि चक्क मराठीत म्हणाली, "या ताई, बसा." शहरबानू परकार. खेडची. चीनमध्ये डॉक्टरकी शिकायला गेली होती, वडील गेले म्हणून अर्ध्यावर सोडून आली. आता इथे डॉक्टरीणबाईंचं बोलणं लोकांना समजावते.

डॉ. लिन साठीच्या असतील. आधी हात चोळून गरम केले. मग शशिकांतच्या मनगटावर तीन बोटं ठेवून बसल्या — इतका वेळ की मला वाटलं झोपल्या. मग दुसरं मनगट. जीभ बाहेर काढायला लावली. जीभ उजवीकडे झुकते, ते मीही बघितलं होतं. त्यांनी वरचा पांढरा चिकट थर बघितला, जिभेखालच्या जांभळ्या शिरा बघितल्या. मग विचित्र प्रश्न. तळपाय गरम होतात का? कानात आवाज येतो का? रागीट आहेत का?

नाही म्हटलं. कधी आवाज चढवत नाही. सगळं गिळतो.

शहरबानूनं सांगितलं, बाईंनी काहीतरी उत्तर दिलं. शहरबानू हसली. "गिळलेला पण मोजतात म्हणे, ताई."

मी विचारलं, तुमच्याकडे या आजाराला काय म्हणतात. "जोंगफंग. फंग म्हणजे वारा. वाऱ्याचा फटका बसला, असं."

मी शहरबानूकडे बघतच राहिले. आमच्याकडे नाशिकला लोक काय म्हणतात? अंगावरून वारं गेलं. अर्धांगवायू. इतकी वर्षं रिपोर्टांवर इंग्रजी अक्षरं वाचून मी तो शब्दच विसरले होते. शशिकांतनं पण मान वर केली. त्याला कळलं होतं.

परत येताना गाडीत मी बोलत होते, तो खिडकीबाहेर बघत होता. बरं वाटलं नाही म्हणणार नाही. पण लगेच भीती वाटली — बरं वाटलं याचीच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सुया. डोक्यावर, हनुवटीखाली, अंगठ्याजवळच्या बेचक्यात, गुडघ्याखाली. केसासारख्या बारीक. मी आधीच सांगून ठेवलं होतं, रक्त पातळ आहे. बाईंनी लॅबचा आकडा मागितला, बघितला, मगच हात लावला. नंतर प्रत्येक जागा कापसानं दाबून धरली. मला हे आवडलं.

सुया लावून ठेवल्यावर शहरबानू माझ्याजवळ बसून सांगत होती. फार जुने चिनी वैद्य म्हणत, वारा बाहेरून शिरतो. माणूस आतून रिकामा झाला की दार उघडं सापडतं. नंतरचे म्हणाले — नाही, वारा आतच उठतो. अंगातलं पाणी आटत जातं, ते मूत्रपिंडाच्या हवाली असतं. पाणी आटलं की यकृताची आग आवरत नाही. तापलेल्या जमिनीवरून वारं उठतं तसं ते वर डोक्याकडे जातं, जाताना कफ घेऊन जातं, अंगातल्या वाहत्या वाटा बुजतात, रक्त साकळतं. फटका नुसत्या वाटांना बसला तर हात, पाय, तोंड जातं. आतल्या अवयवांना बसला तर शुद्ध जाते.

"यांची शुद्ध गेली नव्हती ना? मग वाटांवरच निभावलंय, म्हणतात बाई."

आणि मेंदू? मेंदू म्हणजे मज्जेचा समुद्र. सावकाश भरतो.

मी म्हटलं, पण स्कॅनमध्ये गुठळी दिसली, हृदयातून आलेली. डॉ. लिननी स्कॅन उजेडात धरून नीट बघितला. म्हणाल्या, गुठळीचं काम हॉस्पिटलचं. ते मला जमणार नाही. मी वाटा बघते. जीभ हृदयाचा कोंब असते — एवढं एक म्हणाल्या आणि स्कॅन परत दिला.

काढ्याचं विचारलं. नाही. ती गोळी चालू आहे तोवर काढा नाही. दोनदा सांगितलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

एक ते वीस म्हणाला. सलग! मग मी पाच बोटं दाखवली आणि विचारलं किती. "किल्ली."

२६ फेब्रुवारी, बुधवार

इथल्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी. खाली रस्त्यावर झेंडे, हॉर्न, पाण्याच्या पिचकाऱ्या. शशिकांत खिडकीशी उभा होता. काठी न घेता. काच भिजली तेव्हा म्हणाला, "पाणी."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

४ मार्च, मंगळवार

रमजान सुरू. दवाखाना संध्याकाळीच उघडतो, आठवड्यात एकच वेळ मिळाली. स्पीच थेरपीही पुढे ढकलली. आणि आज साकिबचा मेसेज — बोर्ड वीस एप्रिलला.

हात बऱ्यापैकी आहे. पाय तर सुधारलाच. शब्द सुटे सुटे येतात — पाणी, चहा, आणि माझं नाव, योगिनी. पण वाक्य नाही. बोर्डासमोर सुटे शब्द चालतील का? कंट्रोल रूममध्ये बसून खालच्या माणसांना वायरलेसवर सांगायचं असतं, कुठला व्हॉल्व्ह, किती, केव्हा. त्यांना तर हे बघायचंच असणार.

डॉ. लिनना विचारलं, लवकर होण्यासारखं काही? म्हणाल्या, झोप. भांडण नको, बातम्या नकोत, जेवण हलकं. मी विचारलं, आणखी? शहरबानूनं विचारलं, उत्तर आलं — आणखी झोप.

मला हसू आलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

फोनवर वाचत बसते. त्यांच्याच वैद्यकात या आजारासाठी एक काढा आहे, दोनशे वर्षांपासूनचा. अंगात जोर नाही म्हणून रक्त पुढे सरकत नाही, तेव्हा आधी जोर द्यायचा आणि मग साकळलेलं हलवायचं. किती पटतं हे वाचताना! लोकांनी लिहिलंय, महिन्यात बोलायला लागले.

बाई काळजी घेतात ते बरोबरच. पण त्या मूळच्याच सावध असतील. आणि आकडा मी स्वतः तपासते आहे ना.

९ मार्च, रविवार

जिलीबमध्ये चिनी कामगारांसाठी सामान ठेवणारं एक दुकान आहे. कामावरून परस्पर गेले. फोनवर काढ्याचं नाव दाखवलं, माणसानं तयार पुड्या दिल्या. वरची अक्षरं फोननं वाचून दाखवली — अमुक मूळ, तमुक फूल, आणि एका ठिकाणी "जमिनीतला ड्रॅगन". कुठलं तरी कंदमूळ असेल.

उकळला तर घरभर ओल्या मातीचा वास. शशिकांतला सांगितलं, बाईंनी दिलाय. तोंड वाकडं न करता प्यायला. कप परत देताना "योगिनी" म्हणाला, नुसतंच.

१२ मार्च, बुधवार

"चहा गरम." दोन शब्द जोडून! काढ्यानंच. दुसरं काय.

१५ मार्च, शनिवार

सकाळी दात घासताना बेसिन लाल. मला वाटलं ब्रश लागला. मग दंडावर बघितलं — परवा रक्तदाबाचा पट्टा बांधला होता तिथे तळहाताएवढं काळं-निळं. लॅब बंद, पण किल्ली माझ्याकडे असते. त्याला गाडीत घालून नेलं. माझ्या हातानं रक्त काढलं. सुई टोचल्याची जागा दाबून धरली, धरली, थांबेना.

आकडा सहाच्या वर.

मशीन चुकलं असेल म्हणून पुन्हा लावलं. तोच. सरळ इमर्जन्सीत. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, नवीन काही औषध? मी काढ्याचं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं, वर बघितलंही नाही. गोळी बंद केली, दुसरं औषध दिलं, डोक्याचा स्कॅन केला. स्कॅन होऊन येईपर्यंत मी भिंतीला टेकून उभी होते.

स्कॅन स्वच्छ. आत रक्त नाही.

शशिकांत स्ट्रेचरवर. माझ्याकडे बघत होता. मी सांगितलं, बाईंनी नव्हता दिला, मीच आणला. त्यानं डावा हात माझ्या हातावर ठेवला. मला त्यानं ओरडावं असं वाटत होतं.

१६ मार्च, रविवार

आकडा चार. गोळी अजून बंद. जुईलीला काही सांगितलेलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

आकडा अडीच. गोळी परत सुरू.

डॉ. लिनकडे एकटीच गेले. पुड्या समोर ठेवल्या. शहरबानूनं वरचं वाचलं. मग म्हणाली, "ताई, यात गांडुळं आहेत. वाळवलेली." म्हणजे जमिनीतला ड्रॅगन तो. शशिकांतनं आयुष्यात अंडं खाल्लेलं नाही.

डॉ. लिन रागावतील म्हणून मी तयारीनं गेले होते. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. हळूहळू बोलल्या, शहरबानू सांगत गेली. हा काढा वाईट नाही. मी पण देते. पण तो रक्त सैल करतो, आणि तुमची गोळी पण तेच करते. दोघं मिळून बांध फोडतील. चालतं ठेवायचं होतं, फोडायचं नव्हतं.

मग माझं मनगट मागितलं.

मला काही झालेलं नाही, म्हटलं. तरी दिलं. तीन बोटं, बराच वेळ.

"बाई म्हणतात, नाडी ताणलेल्या तारेसारखी आहे. घरात वारं एकाच्याच अंगावरून गेलेलं नाही."

मी तिथे रडले. मोठ्यानं. शहरबानूनं दार लोटून घेतलं. डॉ. लिननी माझ्या हाताला सुई लावली नाही, काही दिलं नाही. फक्त मनगट सोडलं नाही.

१ एप्रिल, मंगळवार

ईद. साकिबनं घरून शेवया आणल्या. शशिकांत त्याला म्हणाला, "ईद मुबारक, बैठो." साकिबनं त्याला मिठीच मारली.

सुया परत आठवड्यातून दोनदा सुरू आहेत, स्पीच थेरपी पण. कशानं काय होतंय मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची घाई जरा कमी झाली आहे. आकडा रोज बघते, ते मात्र सुटत नाही.

५ एप्रिल, शनिवार

आता लहान वाक्यं येतात. रोज तालीम करतो — नाव सांग, आजची तारीख, कुठे काम करतोस, काय काम करतोस. बरोबर सांगतो. पण मधूनच शब्द उलटा पडतो. वर म्हणायचं तर खाली. काल म्हणायचं तर उद्या. मी दुरुस्त करते, तो मान हलवतो. बोर्ड असले प्रश्न विचारणार नाही.

८ एप्रिल, मंगळवार

बाहेर तोझ, इथलं धुळीचं वादळ. आभाळ पिवळं, दार-खिडक्या बंद, फटींना ओले टॉवेल. मी आतल्या खोलीत कपडे वाळत घालत होते. दूध त्याच्यावर सोपवलं होतं. ओरडून विचारलं, गॅस बंद केलास का? "बंद."

थोड्या वेळानं वास आला. धावले. दूध उतू जाऊन ज्योत विझलेली, बटण पूर्ण उघडं. तो ओट्याशी उभा. त्याला वास पण येत होता, सवयीनं उजवाच हात त्या बटणावर होता, आणि त्यानं ते फिरवता येत नव्हतं. मी बंद केलं. खिडकी उघडली, धूळ आत आली तर येऊ दे.

"उघडा आहे म्हणालो," तो म्हणाला. "सांगितलं तुला."

माझा चेहरा बघून त्यानं विचारलं, "काय म्हणालो मी?"

"उघडाच म्हणालास. मला नीट ऐकू आलं नाही."

त्यानं बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग फडकं घेऊन डाव्या हातानं ओटा पुसायला लागला.

१० एप्रिल, गुरुवार

दवाखान्यात हे सांगितलं. शशिकांत सुया लावून आत पडला होता तेव्हा. डॉ. लिन म्हणाल्या, वारा शमला आहे, वाटा बऱ्याच मोकळ्या झाल्या. पण समुद्र भरायला वेळ लागतो. उलटे शब्द सगळ्यात शेवटी सरळ होतात. कदाचित वर्षानं. कदाचित थोडे राहतीलही.

मी विचारलं, कामावर जाऊ शकेल ना?

"बाई म्हणतात, ते मला विचारू नका. त्यांना स्वतःलाच विचारा."

नाही विचारलं.

१४ एप्रिल, सोमवार

साकिब आला. शशिकांत अंघोळीला गेला होता. साकिबनं हातातल्या चहाच्या कपाशी चाळा करत विचारलं, भाभी, वायरलेसवर जमेल ना त्याला? मी बोर्डात नाही, पण खाली माझी माणसं असतात, म्हणून विचारतो.

जमेल, म्हटलं. एकदम नीट बोलतो आता.

साकिब खूश होऊन गेला. मी कप धुतले. पुन्हा धुतले.

१९ एप्रिल, शनिवार

शर्टाला इस्त्री केली. तालीम झाली, एकही चूक नाही. आकडा दोन पूर्णांक चार. छातीत धडधडतं आहे — माझ्या.

२० एप्रिल, रविवार

बोर्डानं फिट म्हटलं होतं. नाव, तारीख, काम, हात वर, बोट नाकाला — सगळं बरोबर. सही तेवढी राहिली होती. मी बाहेर बाकावर. शशिकांतनं त्यांना थांबवलं आणि स्वतः सांगितलं. बाहेर येऊन माझ्याशेजारी बसला आणि तेच मला मराठीत, सावकाश म्हणाला —

"मी उघड म्हणायला जातो आणि बंद म्हणतो. मला कळत पण नाही. खाली माणसं असतात, योगिनी. मी त्या खुर्चीत बसणार नाही."

इतकं सलग तो या तीन महिन्यांत बोलला नव्हता. एकही शब्द उलटा पडला नाही.